वखारीतील माणसे : पश्चिम किनाऱ्यावरील इंग्रज कंपनीचा नोकरवर्ग व त्याची निवड

१

परमुलखात व्यापार मांडणाऱ्या सावकारापुढे भांडवल, माल आणि गलबते यांची जुळवाजुळव झाल्यानंतर जो प्रश्न उभा राहतो, तो माणसांचा होय. दूरच्या पेढीवर आपल्या घरचा माणूस पाठवावा, की त्या गावचा जाणता माणूस पदरी ठेवावा? घरचा माणूस भरवशाचा. परंतु गावची भाषा, वजनमापे, नाण्यांचा वटाव, दरबारी रीतिरिवाज यांपैकी काहीच त्याला ठाऊक नसते. गावचा माणूस हे सारे जाणतो. परंतु त्याचे गोत, त्याची पत आणि त्याचा स्वतःचा व्यापार त्याच गावात रुजलेला असतो. तो धन्याचा किती व स्वतःचा किती, हे परक्या धन्याला कळण्याचा मार्ग नसतो. ज्ञान एकापाशी आणि विश्वास दुसऱ्यावर, अशी ही अडचण आहे.

३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळालेल्या इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीला ही अडचण पहिल्या दिवसापासून भोगावी लागली. कंपनीच्या इतिहासात लढाया, तह व फर्माने यांना मोठे स्थान मिळते, आणि ते योग्यही आहे. परंतु सुरत, राजापूर व मुंबई येथील वखारींत कोण माणसे बसत होती, ती कशी निवडली जात व कशी बांधून ठेवली जात, या गोष्टींचा विचार केल्याशिवाय त्या तहांचा व लढायांचा उलगडा होत नाही. प्रस्तुत लेखात सतराव्या शतकाच्या आरंभापासून अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापर्यंतच्या काळापुरता या प्रश्नाचा विचार केला आहे.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लंडनहून निघालेले जहाज आफ्रिकेला वळसा घालून सुरतेस पोहोचण्यास सहा ते आठ महिने लागत. परतीचा प्रवास मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असे. त्यामुळे एखाद्या पत्राचे उत्तर हाती पडेपर्यंत दीड-दोन वर्षे निघून जात. एवढ्या अंतरावरून हुकूम देता येतो, देखरेख करता येत नाही. म्हणून योग्य माणसाची निवड हीच कंपनीची खरी देखरेख होती.

२

सुरतेच्या बंदरात ऑगस्ट १६०८ मध्ये उतरलेला विल्यम हॉकिन्स हा या निवडीचा पहिला नमुना होय. तो जहाजाचा कप्तान होता. पण त्याच्या अंगी एक दुर्मीळ गुण होता. त्याला तुर्की भाषा येत होती. त्या भाषेच्या बळावर तो आग्र्यास जहांगीर बादशहाशी दुभाष्यावाचून बोलू शकला आणि त्याची मर्जी संपादन करू शकला. बादशहाने त्याला मनसब दिली आणि एका आर्मेनियन ख्रिस्ती मुलीशी त्याचा विवाहही लावून दिला. भाषा जाणणारा माणूस दरबारात किती आत शिरू शकतो, हे यावरून दिसते. पण त्याचबरोबर तो आपल्या धन्यापासून किती दूर जाऊ शकतो, हेही दिसते. बादशहाचा मनसबदार झालेला मनुष्य कंपनीचा नोकर कितपत उरला, हा प्रश्नच होता. १६११ मध्ये हॉकिन्स आग्र्याहून निघाला तेव्हा कंपनीच्या पदरी कायमची वखार पडली नव्हती.

ती वखार सुरतेस १६१३ मध्ये उभी राहिली, आणि १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून सर टॉमस रो जहांगीराच्या दरबारी आला. रो हा हॉकिन्सच्या अगदी उलट प्रकृतीचा. त्याला येथील भाषा येत नव्हती, दुभाष्यांच्या अज्ञानाचा व भित्रेपणाचा त्याला वारंवार त्रास झाला, आणि आपल्या राजाचा मान राखण्याविषयी तो अतिशय दक्ष होता. परंतु नोकरांविषयी त्याने कंपनीला दिलेला सल्ला फार दूरदर्शी होता. वखारीतील नोकरांचा खाजगी व्यापार अजिबात बंद करावा, आणि त्यांची तक्रार राहू नये म्हणून त्यांना भरघोस पगार द्यावा, म्हणजे आपण नेमके काय गमावतो एवढे तरी कंपनीला कळेल, असे त्याचे म्हणणे होते. या सल्ल्यातील बंदीचा भाग कंपनीला आवडला. पगाराचा भाग मात्र सुमारे पावणेदोनशे वर्षे कागदावरच राहिला.

३

कंपनीने जी पद्धत प्रत्यक्षात स्वीकारली ती अशी. वखारीतील अधिकाराची सर्व पदे इंग्लंडहून पाठविलेल्या इंग्रजांकडेच राहावीत. हे लोक कोवळ्या वयात यावेत, करारपत्रावर सही करून व जामीन देऊन यावेत, आणि ज्येष्ठतेनुसार पायरी-पायरीने वर चढावेत. सर्वांत खाली उमेदवार, त्यावर कारकून म्हणजे रायटर, त्यावर फॅक्टर, मग कनिष्ठ व्यापारी, मग ज्येष्ठ व्यापारी, आणि शिखरावर कौन्सिलासह प्रेसिडेंट, अशी ही उतरंड सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्की झाली. यांपैकी फॅक्टर या पदावरूनच वखारीला इंग्रजी नाव मिळाले.

पगार पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. कारकुनाला वर्षाला १० पौंड, फॅक्टरला २०, आणि ज्येष्ठ व्यापाऱ्याला ४० पौंड. राहण्याजेवण्याचा खर्च कंपनीचा असला, तरी सहा-आठ महिन्यांच्या समुद्रप्रवासाची व परमुलखातील हवेची जोखीम पत्करून एवढ्या पैशासाठी कोणी येईल, हे संभवत नाही. ही जोखीम थोडीथोडकी नव्हती. मुंबईस आलेल्या ओव्हिंग्टन या पाद्र्याने दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य, अशा अर्थाची तेथील म्हण नोंदवून ठेवली आहे. तरीही उमेदवारांची वाण कधी पडली नाही. याचे कारण पगारात नसून पगाराबाहेर होते.

ते कारण म्हणजे खाजगी व्यापार. सुरतेहून इराण, मोखा, मलबार, बंगाल व त्यापलीकडील बंदरांशी चालणाऱ्या व्यापारात नोकर स्वतःचे भांडवल गुंतवीत. आरंभी कंपनीने याला बंदी केली. ती कोणी पाळली नाही. अखेर १६६० व १६७० च्या दशकांत कंपनीने युरोपचा व्यापार स्वतःकडे राखून आशियातील बंदराबंदरांमधला व्यापार टप्प्याटप्प्याने नोकरांस मोकळा केला. हा निर्णय केवळ नाइलाजाचा नव्हता. ज्या नोकराचे स्वतःचे पैसे बंदरात अडकलेले आहेत, तो त्या बंदराचे भाव, वारे व माणसे यांकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो. आणि त्याला मिळालेल्या माहितीचा लाभ कंपनीलाही होतो. कमी पगार व मोकळा व्यापार या दोहोंच्या सांध्यावर ही सारी व्यवस्था उभी होती.

देखरेखीचे दुसरे साधन म्हणजे वखारीतील सामुदायिक जीवन. सुरतेच्या वखारीत सर्व इंग्रज एकत्र राहत, एका मेजावर दर्जाप्रमाणे बसून जेवत, ठराविक वेळी प्रार्थना करीत, आणि रात्री दरवाजे बंद होत. कौन्सिलाच्या बैठकींची नोंद ठेवली जाई व तिच्या प्रती लंडनला जात. म्हणजे प्रत्येक नोकरावर दुसऱ्या नोकराची नजर असे. पण याच भिंतींमुळे वखारीबाहेरचे शहर इंग्रजांना परके राहिले. किनाऱ्यावर बराच काळ त्यांचे काम मोडक्यातोडक्या पोर्तुगीज भाषेवर भागत असे.

४

भिंतीबाहेरचे काम दलाल करीत. सुरतेच्या वखारीत तापीदास पारेख व त्याच्यामागून भीमजी पारेख हे कंपनीचे दलाल प्रसिद्ध आहेत. दलाल म्हणजे केवळ सौदा जुळवून देणारा मध्यस्थ, अशी समजूत अपुरी आहे. विणकरांना आगाऊ रक्कम कोणत्या हमीवर द्यावी, कापडाचा पोत कसा पारखावा, कोणत्या हुंडीवर विसंबावे, सरकारी अंमलदारास किती व केव्हा भेट द्यावी, हे सारे तो ठरवीत असे. इंग्रजांच्या पेटीत रोकड नसली तर शहरातील सावकारांकडून ती त्याच्या शब्दावर मिळे. वीरजी व्होरा हा सुरतेचा प्रख्यात सावकार कंपनीला कर्ज देणाऱ्यांपैकी एक होता. जो धनको मिरी व पोवळे यांच्या बाजारात कंपनीचा प्रतिस्पर्धी, त्याच्याकडेच कंपनीला कर्जासाठी जावे लागे. अशा ठिकाणी दलालाची रदबदली किती मोलाची, हे सांगावयास नको.

दलालाला बांधून ठेवणारे साधनही वेगळे होते. त्याच्याकडून लंडनचा जामीन घेता येत नसे. पण त्याची पत हाच त्याचा जामीन होता. बाजारात नाव गेले तर दलाली गेली, एवढे त्याला पुरे असे. शिवाय त्याचे वजन कंपनीपासून आलेले नव्हते. १६६९ मध्ये काझीच्या जुलुमाला कंटाळून सुरतेचे हजारो वाणी शहर सोडून भडोचला निघून गेले, तेव्हा त्यांच्या पुढाऱ्यांत भीमजी पारेख होता. वखारीतील इंग्रज बदलत, मरत, मायदेशी परतत. पारेखांचे घर मात्र सुरतेतच होते. पिढीजात ज्ञानाचा साठा वखारीत नसून दलालाच्या पेढीत होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या दोन प्रकारच्या माणसांतील अंतर भीमजी पारेखाच्या एका खटाटोपावरून स्पष्ट होते. जुने ब्राह्मणी ग्रंथ छापविण्याच्या इच्छेने त्याने कंपनीकडे एक छपाईकार मागितला. संचालकांनी १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक वर्षाला ५० पौंड पगारावर पाठविला. ज्येष्ठ व्यापाऱ्याच्या ४० पौंडांशी हा आकडा ताडून पाहिला, म्हणजे खाजगी व्यापाराची आशा नसलेल्या कसबी माणसाला कंपनीला खरे मोल द्यावे लागे, हे ध्यानात येते. परंतु हिल्सला छापता येत होते, अक्षरे पाडता येत नव्हती. आणि देशी लिपीचे खिळे विलायतेत तयार मिळत नव्हते. भीमजीने आपली माणसे कामाला लावली, आणि त्यांनी बनिया लिपीत छापलेले काही कागद सुवाच्य असल्याचे सुरतेच्या इंग्रजांनीच लंडनला कळविले. काम अवघड व खर्चाचे होते, व ते पुढे फळाला आले नाही. तथापि परमुलखात पाठविलेला तज्ज्ञ आपले कसब बरोबर आणू शकतो, त्या कसबाला लागणारी सामग्री व संस्कार आणू शकत नाही, हा धडा त्यातून मिळतो.

५

याच किनाऱ्यावर इतर टोपीकरांनी या प्रश्नाची निराळी उत्तरे शोधली होती. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच कंपनीच्या वखारी सुरत, वेंगुर्ले आदी ठिकाणी होत्या. तिचा आशियातील कारभार १६१९ पासून बटाव्हियाहून चाले. दीड-दोन वर्षांचे अंतर तिने अशा प्रकारे तोडले, की मालक लंडनसारख्या दूरच्या शहरात न राहता आशियातच येऊन बसला. नोकरांच्या खाजगी व्यापाराला तिने शेवटपर्यंत बंदी ठेवली. पण बंदीमुळे व्यापार थांबला नाही, तो लपला. आणि लपलेल्या व्यापाराचा लाभ मात्र कंपनीला मिळाला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती कंपनी मोडली, तेव्हा तिच्या नावाची आद्याक्षरे घेऊन ती लाचलुचपतीने बुडाली, असा विनोद तिच्याच देशात रूढ झाला.

फ्रेंचांनी तिसरा मार्ग धरला. १६६४ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीपाशी अनुभवी माणसेच नव्हती; म्हणून त्यांनी ती बाहेरून आणली. डच कंपनीच्या नोकरीत जपानपर्यंत कारभार केलेला फ्रान्स्वा कॅरॉन हा त्यांचा सुरतेचा संचालक झाला, आणि इस्फाहानचा आर्मेनियन व्यापारी मार्कारा याला गोवळकोंड्याच्या दरबारी पाठविण्यात आले. मार्काराने १६६९ मध्ये मछलीपट्टणच्या वखारीसाठी फर्मान मिळविले. म्हणजे निवड चुकली नव्हती. परंतु कॅरॉन व मार्कारा यांचे वैर जुंपले, मार्काराला कैद झाली, आणि हे भांडण अखेर फ्रान्सच्या न्यायालयापर्यंत पोहोचले. जाणती माणसे विकत घेता येतात, त्यांच्यातील परस्परविश्वास विकत घेता येत नाही.

इंग्रजांनीही आर्मेनियन व्यापाऱ्यांचे मोल ओळखले होते. परंतु १६८८ च्या करारान्वये त्यांनी आर्मेनियनांना आपल्या जहाजांतून व वसाहतींतून व्यापाराच्या सवलती दिल्या. वखारीतील पदे मात्र व्यवहारात इंग्रजांकडेच राहिली. ही सीमारेषा इंग्रज कंपनीने व्यवहारात सहसा पुसू दिली नाही.

६

या व्यवस्थेची खरी परीक्षा राजापुरास झाली. तेथे १६४९ मध्ये इंग्रजांची वखार पडली होती. १६६० मध्ये सिद्दी जौहराने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन हा तोफ व दारूगोळा घेऊन वेढ्यात गेला, आणि इंग्रजी निशाण लावून गडावर गोळे टाकण्यात आले. सुरतेच्या कौन्सिलाचा तसा हुकूम नव्हता. विजापूरकरांची मर्जी राखली तर व्यापारास लाभ होईल, असा त्याचा हिशेब असावा. हा हिशेब चुकला. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर लुटले, वखार खणून काढली, आणि रेव्हिंग्टन व त्याचे सोबती कैद केले. १६६३ च्या आरंभापर्यंत ते सुटले नाहीत.

कैदेतून त्यांनी सुरतेस कडवट पत्रे लिहिली. सुरतेचे उत्तर त्याहून कडवट होते. कंपनीच्या मालाचे रक्षण करताना तुम्ही पकडले गेला नाही, तर इंग्रजांचे म्हणून ओळखले जाणारे निशाण लावून पन्हाळ्यावर गोळे टाकण्यास गेल्यामुळे पकडले गेला, असे कौन्सिलाने त्यांना १६६२ मध्ये स्पष्ट बजावले. कौन्सिलाची बाजू न्यायाची होती. परंतु ज्या पद्धतीने नोकराला थोडा पगार, मोठी आशा आणि दोन वर्षांचे अंतर दिले, तिनेच त्याला हे धाडस करण्याची मोकळीक दिली होती, हेही तितकेच खरे. घरचा माणूस भरवशाचा असतो हे गृहीत येथे उघडे पडले. त्याची निष्ठा शाबूत होती. उणीव होती ती स्थानिक राजकारणाच्या जाणिवेची. विजापूरची सत्ता मावळत आहे व नवी सत्ता उगवत आहे, हे राजापूरच्या बाजारात कोणीही सांगितले असते.

पुढे राजापूरच्या नुकसानीची भरपाई मागण्यासाठी व तह करण्यासाठी इंग्रजांना त्याच सत्तेच्या दारी जावे लागले. जून १६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी रायगडावर हेन्री ऑक्झिंडेन उपस्थित होता, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याच्या आधी दोन महिने नारायण शेणवी हा इंग्रजांचा दुभाषी रायगडावर जाऊन निराजीपंतांशी बोलणी करून आला होता, ही गोष्ट तितकी सांगितली जात नाही. त्याचे ४ एप्रिल १६७४ चे पत्र पाहता, कोणाला भेटावे, कोणत्या क्षणी कोणता विषय काढावा, कोणत्या मागणीला दरबार राजी होईल व कोणत्या मागणीला नाही, याचा अंदाज त्याने आधीच घेतला होता असे दिसते. तहावर सही-शिक्का झाला तो त्यानंतर. राजापूरची वखार १६७५ मध्ये पुन्हा उघडली. रेव्हिंग्टनने जे मोडले, ते सांधण्यात ऑक्झिंडेनच्या जोडीने नारायण शेणव्याचा वाटा होता. पण कंपनीच्या उतरंडीत त्याला पायरी नव्हती.

७

पायरी नसण्याचा अर्थ काय, हे पुढील अर्धशतकात मुंबईस दिसून आले. रामा कामती हा मुंबईतील धनाढ्य शेणवी व्यापारी कंपनीच्या विश्वासातला होता. वाळकेश्वराच्या देवालयाचा त्याने १७१५ मध्ये जीर्णोद्धार केला. इंग्रजांचे नवे प्रार्थनामंदिर १७१८ च्या नाताळात उघडले, त्या समारंभालाही तो उपस्थित होता. कंपनीच्या देशी फौजेत भंडारी शिपाई भरण्याचे व त्यांच्या नेतृत्वाचे काम त्याने केले. परंतु चार्ल्स बून या गव्हर्नरच्या कान्होजी आंग्र्यांवरील मोहिमा एकामागून एक फसल्या, आणि १७२० मध्ये रामा कामतीवर आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप आला. त्याला जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली, आणि कैदेतच त्याचा अंत झाला. ज्या पत्रावर हा आरोप आधारलेला होता, ते बनावट असल्याचे पुढे आढळून आले.

याच सुमारास सुरतेच्या रुस्तम माणक या पारशी दलालाच्या घराण्याचेही कंपनीच्या स्थानिक अधिकाऱ्यांशी वितुष्ट आले. रुस्तमच्या मागून त्याच्या मुलांचे येणे अडकले व त्यांच्यावर बंधने आली. तेव्हा नवरोजी हा मुलगा १७२३ मध्ये इंग्लंडला गेला. लंडनमध्ये लवाद नेमला गेला, आणि १७२५ मध्ये निर्णय या घराण्याच्या बाजूने लागला. दोन्ही प्रकरणांची तुलना उद्बोधक आहे. एकाचा निवाडा, त्याच्यावर संशय घेणाऱ्यांनीच केला. दुसऱ्याने तोच लांबचा समुद्र ओलांडून वरिष्ठ धन्यापर्यंत दाद नेली. कंपनीच्या इंग्रज नोकराला करारपत्र होते, ज्येष्ठता होती, लंडनला नातेवाईक व जामीन होते. एतद्देशीय मध्यस्थाला यांपैकी काहीच नव्हते. जोवर कंपनीला त्याची गरज होती, तोवर ती गरज हेच त्याचे संरक्षण होते.

८

या सर्व विवेचनावरून असे दिसते की, इंग्रज कंपनीने घरचा माणूस की गावचा माणूस, या प्रश्नाचे उत्तर दोहोंपैकी एकाची निवड करून दिले नाही. अधिकार घरच्या माणसाकडे आणि ज्ञान गावच्या माणसाकडे, अशी तिने वाटणी केली. पहिल्याला खाजगी व्यापाराने बांधले, दुसऱ्याला बाजारातील पतीने. व्यापारापुरते पाहिले तर ही वाटणी यशस्वी झाली. कारण दोघांनाही एकमेकांवाचून चालत नव्हते. दोष होता तो हा, की या परस्परावलंबनाला कोठेही लेखी मान्यता नव्हती.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जी सावधगिरी सांगितली आहे, तिचा अर्थ या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होतो. इतर सावकारांसारखे हे सावकार नव्हेत, यांच्यामागे यांचे राजे आहेत, यांना वखारीला जागा द्यावयाची तर समुद्रकिनाऱ्यापासून दूर द्यावी, असा त्याचा आशय आहे. वखारीत बसलेला माणूस कोणाचा, हा प्रश्न लंडनच्या संचालकांप्रमाणेच अमात्यांनाही पडला होता, आणि त्याचे उत्तर त्यांना अचूक सापडले होते.

पुढे कंपनी राज्यकर्ती झाली, तेव्हा ही अलिखित सीमारेषा कायद्याची झाली. कॉर्नवॉलिसच्या कारकीर्दीत, म्हणजे १७८६ ते १७९३ या काळात, सर टॉमस रोने सुचविलेले मोठे पगार अखेर आले, कारभारी नोकरांचा खाजगी व्यापार बंद झाला, आणि त्याच वेळी वरिष्ठ पदांचे दरवाजे एतद्देशीयांना बंद झाले. दलालाजवळचे ज्ञान आता इंग्रजानेच मिळवावे, म्हणून १८०० मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघाले, आणि तेथे विल्यम केरीने वैजनाथशास्त्र्यांच्या साहाय्याने मराठी शिकविण्यास आरंभ केला. केरीच्या मराठी व्याकरणावर १८०५ हे साल आहे. नारायण शेणव्याने रायगडावर जे काम केले होते, ते पुढील पिढीच्या इंग्रज अंमलदाराला दुभाष्यावाचून करता यावे, हा या शिक्षणाचा हेतू होता. तरीही शिकविणारा शास्त्री लागलाच. ज्ञान देणारा व अधिकार चालविणारा यांच्यामधली जी भिंत सुरतेच्या वखारीत प्रथम उभी राहिली, ती अशा रीतीने पाठशाळेतही कायम राहिली.